टेकडीवरच्या ट्रेल सायकलिंगसाठी क्लिप-इन बूट निवडताना काय पाहावे?

पहाटफेरी

नमस्कार. मी कोथरूडला राहते आणि गेली दोन वर्षे आठवड्यातून तीन दिवस पहाटे वेताळ टेकडीवर माउंटन बाइक चालवते. सायकल हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे आहे. आतापर्यंत सपाट पेडल आणि धावण्याचे बूट यांवर भागवले. मात्र खाणीच्या बाजूच्या दगडाळ उतारावर पाय पेडलवरून वारंवार उडतो, आणि मागच्या महिन्यात पेडलच्या पिनांनी उजवी नडगी चांगलीच सोलवटून निघाली. शिवाय धावण्याच्या बुटाचा तळ इतका मऊ आहे की लांब चढ संपेपर्यंत पेडलची कड तळपायाला जाणवू लागते. त्यामुळे आता क्लिप-इन बूट, म्हणजे तळाने पेडलला अडकणारे बूट, घ्यावेत असे ठरवले आहे.

दुकानात दोन प्रकारचे बूट दाखवले. पहिला अगदी हलका, कार्बनच्या तळाचा. दुसरा जाड रबरी तळाचा, दिसायला साध्या ट्रेकिंगच्या बुटासारखा. विक्रेत्याने पहिल्याचा आग्रह धरला आणि तळ जितका कडक तितका बूट चांगला, असे सांगितले. हातात घेऊन वाकवून पाहिला तर तो तसूभरही वाकला नाही. माझा पंजा रुंद आहे आणि पहिल्या बुटात करंगळी दाबली जात होती. वापरून सैल होईल, असे त्यावर उत्तर मिळाले.

बूट आणि पेडल मिळून साधारण १५ हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. तळाचा कडकपणा कितपत असावा? आणि पहाटे टेकडीवर फिरायला येणारी माणसे व कुत्री अचानक समोर येतात, अशा ठिकाणी पाय पेडलला अडकवून सायकल चालवणे कितपत सुरक्षित आहे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

चाकोरीबाहेर

ताई, विक्रेत्याचे म्हणणे शर्यतीच्या बुटांपुरते खरे आहे. तळ न वाकल्यामुळे पायाचा जोर पेडलवर पूर्ण पोहोचतो आणि दाब एका ठिकाणी न साचता पसरतो, हा कडक तळाचा फायदा आहेच. मात्र आपल्याकडे सायकलस्वाराला पायी किती चालावे लागते, याचा विचार बूट निवडताना सर्वांत आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. वेताळ टेकडी असो, बाणेरची टेकडी असो की सिंहगडाच्या आसपासच्या पायवाटा, प्रत्येक फेरीत तीन-चार जागा अशा येतातच की जिथे उतरून सायकल ढकलावी किंवा खांद्यावर घ्यावी लागते, आणि त्या जागा नेमक्या सर्वांत वाईट असतात: खाली काळा बसाल्ट, त्यावर सुटा मुरूम, आणि उन्हाळ्यात त्या मुरमाची जणू छऱ्यांसारखी घसरण. तिथे कार्बनचा तळ पावलाबरोबर वाकत नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला टाच बुटातून वर सरकते आणि तासाभरात टाचेला फोड येतो. शिवाय शर्यतीच्या अनेक बुटांच्या तळाला कडक प्लॅस्टिकच्या गाठी असतात, आणि त्या दगडावर अजिबात पकड घेत नाहीत.

म्हणून आपल्यासाठी दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे ट्रेल प्रकारचा बूट योग्य आहे. त्याचा तळ चवड्याखाली ताठ असतो, बोटांकडे थोडा वाकतो, आणि खाली रबर असते. दुकानात एक साधी परीक्षा करा: एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पुढचे टोक धरून बूट वाकवा. बोटांच्या सांध्यापाशी किंचित वाक यावा, मात्र मधोमध, जिथे क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तळाचा लहान तुकडा) बसते तिथे, तो अजिबात दुमडू नये. तुमच्या धावण्याच्या बुटात तळपाय दुखतो तो याच मधल्या भागाच्या मऊपणामुळे.

दुसरी गोष्ट क्लीटच्या खाचेची. शिमानो या जपानी कंपनीने १९९० साली एसपीडी ही बूट पेडलला अडकवण्याची पद्धत आणली, तेव्हा तिचे खरे वेगळेपण क्लीटच्या लहानपणात होते. त्याआधी, १९८४ मध्ये, लूक या फ्रेंच कंपनीने रस्त्यावरच्या सायकलींसाठी आणलेली क्लीट मोठी होती आणि तळाच्या बाहेर डोकावत असे, त्यामुळे ती घालून नीट चालता येत नसे. एसपीडीची क्लीट दोन बोल्टची, लहान आणि लोखंडी असल्यामुळे ती रबराच्या दोन उंचवट्यांमधल्या खाचेत लपते आणि माणूस रबरावर चालतो. बूट घेताना तळ दोन बोल्टचा आहे ना, हे आवर्जून पाहा. तीन भोकांचा तळ रस्त्यावरच्या सायकलसाठी असतो. तो स्वस्तात मिळाला तरी टेकडीसाठी घेऊ नये. खाच किती खोल आहे हेही बघा, कारण रबर थोडे झिजले की उथळ खाचेतली क्लीट दगडावर घासू लागते, आणि बसाल्टवर लोखंड म्हणजे बर्फावर पाय ठेवल्यासारखेच असते.

आता रुंदीविषयी, कारण तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच वाटतो. सायकलचा बूट वापरून सैल होत नाही. त्याचा तळ ताठ असतो आणि वरचे कापडही बहुतेक वेळा कृत्रिम असते. चामड्याच्या चपलेसारखे ते पायाचा आकार घेत नाही. करंगळी दुकानात दाबली जात असेल तर टेकडीवर ती बधिर होईल. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जाताना सायकल चालवताना घालता तेच मोजे न्या. आणि घरी कागदावर उभे राहून पायाची बाह्यरेखा काढून लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा. युरोपीय क्रमांक कंपनीगणिक बदलतो, सेंटिमीटर बदलत नाही. शिमानोच्या तक्त्यात ४२ क्रमांक म्हणजे २६.५ सेंटिमीटर; अशी मोजणी हाताशी असली की विक्रेत्याच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. शिमानोचे काही बूट रुंद पंजासाठीही निघतात, त्याची विचारणा करा. त्यांची एमई मालिका ट्रेलसाठी आहे आणि एक्ससी मालिका शर्यतीसाठी, हा फरक लक्षात ठेवला तरी निवड अर्धी होते. फाइव्ह टेनचा केस्ट्रल आणि स्पेशलाइज्डचा टूएफओ हेही याच वर्गातले बूट आहेत. मात्र पायात घालून पाहिल्याशिवाय यांपैकी कोणताही घेऊ नका, सवलत कितीही असो.

पैशाची विभागणी करताना बुटावर जास्त खर्च करा. पेडल शिमानोच्या एम५२० सारखे साधे घेतले तरी ते वर्षानुवर्षे टिकते.

डोंगरयात्री

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही एक वेगळे मत नोंदवतो. ताईंचा पाय पेडलवरून उडतो याचे मूळ धावण्याच्या बुटात आहे, सपाट पेडलमध्ये नाही. सपाट पेडलसाठीचे खास बूट मऊ, चिकट रबराचे असतात. पेडलच्या पिना त्या रबरात रुततात आणि पाय बऱ्यापैकी जागेवर राहतो. उतारावर टाच खाली दाबून पेडलवर वजन टाकण्याची सवय लागली की उरलेली तक्रारही बरीच कमी होते. क्लिप-इनमध्ये पाय आपोआप अडकलेला असल्याने ही सवय लागायची राहून जाते, आणि चाक उचलण्याचे कौशल्यसुद्धा पेडल पायाने ओढून केले जाते, जे चुकीचे वळण आहे.

तेव्हा क्लिप-इन जरूर घ्या, पण आधी दोन-तीन महिने योग्य सपाट बूट वापरून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. नडगीचे म्हणाल तर नडगीरक्षक मिळतात आणि ते स्वस्तही असतात.

पहाटफेरी

दोघांचेही आभार. डोंगरयात्री, आपला मुद्दा पटला. मात्र माझी मुख्य अडचण लांब चढावरची आहे आणि तिथे पाय बांधलेला असावा असे मला वाटते. एक बाजू सपाट आणि एका बाजूला क्लिप, असेही पेडल असते असे ऐकले. ते घेतले तर दोन्ही गोष्टी साधतील का? आणि क्लीट बुटाला नेमकी कुठे बसवायची? दुकानात ती फुकट बसवून देतात, पण त्यांनी माझा पाय पाहिलाही नाही.

ओला_मुरूम

क्लीट स्वतः बसवा, हा माझा कळकळीचा सल्ला आहे. त्यासाठी ४ मिलिमीटरची अॅलन की आणि थोडे ग्रीस एवढेच लागते.

बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी जी हाडे लागतात, त्यांच्या जागा बुटाच्या बाहेरून पेनने खुणावून घ्या. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध यावा, आणि ट्रेलसाठी तो त्याहूनही ५ ते १० मिलिमीटर टाचेकडे सरकवावा. शर्यतवाले ती पुढे ठेवतात. पण उतारावर उभे राहून धक्के घेताना क्लीट पुढे असेल तर सगळा भार पोटरीवर येतो आणि पाय लवकर थरथरू लागतो. मागे घेतल्यानंतर सीटही किंचित खाली करावी लागते. कोनासाठी टेबलावर बसून पाय मोकळे लोंबकळू द्या, चवडे जसे आत-बाहेर वळतील तसाच कोन क्लीटला द्या. एसपीडीमध्ये सुटण्याआधी पायाला थोडेसे मोकळेपण असते, साधारण ४ अंशांचे, त्यामुळे अंश-दोन अंश चुकले तरी चालते; त्याहून जास्त चुकले तर गुडघा बोलू लागतो.

बोल्टविषयी मात्र हलगर्जीपणा नको, आणि हे मी भोगून सांगतो आहे. पहिल्या वर्षी बावधनच्या बाजूला एका चढावर मी थांबायला गेलो आणि नेहमीप्रमाणे टाच बाहेर वळवली. बूट वळला, पण पेडल सुटले नाही. पुन्हा वळवली, बूट पुन्हा तेवढाच वळला. क्लीटचा एक बोल्ट केव्हाच गळून पडला होता, आणि उरलेल्या एका बोल्टभोवती बूट नुसता फिरत होता. क्लीट पेडलच्या जबड्यात होती तशीच. मी सायकलसकट डावीकडे मुरमात पडलो, कोपर फुटले, आणि शेवटी वेल्क्रो सोडून पाय बुटातून बाहेर काढावा लागला. बूट पेडलला तसाच लटकत होता. तेव्हापासून बसवताना बोल्टला ग्रीस लावतो, ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतो, पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासतो, आणि खिशात एक जादा बोल्ट ठेवतो.

एकतर्फी पेडलविषयी: शिमानोचे ईएच५०० तसे आहे आणि कर्वे रस्त्यावरच्या रहदारीतून जायला ते फार सोयीचे आहे. टेकडीवर मात्र दगडांतून सुटताना योग्य बाजू पायाने शोधावी लागते, आणि नेमकी तेव्हाच ती सापडत नाही. दोन्ही बाजूंनी अडकणारेच घ्या. पेडल बसवताना डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे विसरू नका.

सुरक्षिततेसाठी क्लीट एसएच५१ ऐवजी एसएच५६ घ्या. एसएच५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच५६ अनेक दिशांनी सुटते, त्यामुळे घाबरून पाय तिरका वर ओढला तरी बहुधा मोकळा होतो. पेडलवरच्या लहान स्क्रूने स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी ठेवा. पहिले चार-पाच दिवस भिंतीला धरून, मग एखाद्या रिकाम्या मैदानावर, प्रत्येक पायाने किमान पन्नास वेळा अडकवणे-सोडवणे करा. थांबायचे ठरले की आधी पाय सोडवायचा आणि मग ब्रेक, हा क्रम पायात मुरला की फिरायला येणाऱ्यांची चिंता राहत नाही.

चाकोरीबाहेर

ओला_मुरूम यांनी क्लीटचे सगळेच सांगितले. पावसाळ्यापुरती थोडी भर घालतो. क्लीटच्या भोकांतून पाणी थेट आत येते, तेव्हा आतला सुकतळा काढून त्या भोकांवर जाड चिकटपट्टी लावावी. टेकडीवरचा मुरूम पावसात फारसा चिकटत नाही. पण मुळशीकडच्या शेताच्या कडांनी गेलात तर काळी माती खाचेत घट्ट बसते आणि क्लीट अडकतच नाही, म्हणून तळाच्या गाठी एकमेकींपासून लांब असलेला बूट बघा. आणि पावसाळा सरल्यावर कुसळी गवत वाळते, तेव्हा वरचे कापड जाळीदार असेल तर कुसळे आरपार घुसून मोज्यात रुततात. बोटांवर आणि घोट्याखाली जाळी नसलेला बूट मिळाला तर तोच घ्यावा. ओले बूट उन्हात वाळवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा.

पहाटफेरी

सर्वांना मनापासून धन्यवाद. शनिवारी संध्याकाळी मोजे आणि कागदावरची मोजणी घेऊन गेले. पाय २४.८ सेंटिमीटर भरला, रबरी तळाचा बूट रुंद मापात मिळाला, आणि करंगळी मोकळी राहिली. पेडल एम५२० आणि क्लीट एसएच५६ घेतली. बूट नवा असताना तळाचे रबर पेडलच्या अंगाला घासत होते आणि सुटायला जड जात होते. क्लीटखाली सोबत आलेली पातळ पट्टी घातल्यावर ते थांबले.

आज पहाटे प्रथमच टेकडीवर गेले. खाणीच्या उतारावर पाय एकदाही उडाला नाही. वर चढताना एका ठिकाणी वेग संपला, आणि विचार करण्याआधीच डावा पाय सुटून जमिनीवर आलेला होता. घरी आल्यावर दोन्ही बुटांचे बोल्ट तपासले. उजव्या बुटाचा पुढचा बोल्ट पाव फेरा आवळला गेला. उजवी क्लीट अजून दोन-तीन मिलिमीटर मागे न्यावी लागेल असे पोटरी सांगते आहे, ते रविवारी करून पाहते.