पावसाळ्यातलं भीमाशंकर आणि शीळकरी कस्तूर
पावसात भीमाशंकरला पक्षी दिसत नाहीत, असं काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. शीळकरी कस्तूर, म्हणजे माणसासारखी शीळ घालणारा पक्षी, ऐकायचा तर पावसाळाच हवा, त्याचा विणीचा हंगाम तोच. पायथ्याच्या खांडस गावाहून गणेश घाटाच्या वाटेने पहाटे निघालो होतो. ओढ्यापाशी कुणी पोरगा शीळ घालतोय असं वाटलं, लांबलचक, मधेच सूर सोडून देणारी. थांबलो, तर ओल्या दगडावर हा! आधी नुसता काळा वाटला. मान वळवली तेव्हा कपाळावरची निळी चकाकी दिसली.

खांडसहूनच वर जाणारी दुसरी वाट, शिडी घाट, मात्र पावसात टाळाच, कातळ फार निसरडा होतो. आणि कृपा करून मोबाईलवर कस्तूराची शीळ वाजवू नका. हद्दीत दुसरा नर शिरला समजून तो पिलांना भरवायचं सोडून आवाजामागे धावतो.