लादीच्या मधला पांढरा गाभा

फोटोत क्षण गोठतो, बर्फ वितळताना काळ दाखवायचा तर व्हिडिओच हवा, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. डॅनिश-आइसलँडिक कलाकार ओलाफुर एलियासन यांनी १९९९ मध्ये आइसलँडच्या हिमनद्यांचे विमानातून फोटो काढले आणि २० वर्षांनी त्याच जागांचे पुन्हा काढून शेजारी मांडले. अशा ३० जोड्या आहेत. दोन चौकटींच्या मधली रिकामी पट्टी बघताना पोटात कालवतं. ते व्हिडिओत होत नाही, कारण तिथे मधली वर्षं आपल्याला आयती मिळतात.

मागच्या मे महिन्यात मी नागपुरात घराच्या गच्चीवर हे करून पाहिलं. रसवंतीवाल्याकडून भुशातली बर्फाची अर्धी लादी आणली, काळ्या पत्र्यावर ठेवली आणि दर ५ मिनिटांनी एक फोटो. आधी कडा गोल झाल्या. मग काचेसारखा बाहेरचा थर गेला आणि मधला दुधाळ गाभा उघडा पडला. कारखान्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं, हवेचे बुडबुडे मध्यात ढकलले जातात. म्हणजे जे सगळ्यात शेवटी गोठलं, ते सगळ्यात शेवटी दिसलं! वितळताना लादी स्वतःच्या घडण्याचाच क्रम पुन्हा दाखवत होती.

आपल्या कोरड्या उन्हात ओघळही लगेच सुकतात आणि पत्र्यावर क्षारांच्या रेघा उरतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. माझा सगळ्यात आवडता फोटो त्या रेघांचाच आहे. त्यात बर्फ नाहीच.

करून बघणार असाल तर कॅमेऱ्याचं एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, मॅन्युअलवर ठेवा.