टेल्स ऑफ द जेडाय डायरेक्ट बघितली तर चालेल का? सल्ला हवाय

लॅपटॉपवाली:
नमस्कार मंडळी, सुट्टीत लेकीबरोबर (चौथीत आहे) स्टार वॉर्सचे एक ते सहा सिनेमे बघून संपवले आणि आता तिने एकच धोशा लावलाय, तो व्हिलन काउंट डूकू आधी जेडाय (चांगल्या बाजूचा योद्धा) होता ना मग बिघडला का? 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये तो येतो तोच बिघडलेला आणि पुढच्या सिनेमात सुरुवातीलाच मुंडकं उडतं त्याचं, त्यामुळे मलाही काही सांगता येईना. हॉटस्टारवर टेल्स ऑफ द जेडाय ही ॲनिमेशन मालिका दिसतेय, सहाच भाग आहेत, पण ऑफिसातला एक जण म्हणाला आधी क्लोन वॉर्स या जुन्या ॲनिमेशन मालिकेचे सातही सीझन बघायलाच लागतात. माझ्याने नाही होणार हो ते. डायरेक्ट बघितली तर कळेल का? आणि पोरीला झेपेल का?

मीठभाकर:
बिनधास्त बघा ताई. २०२२ ची आहे, डेव्ह फिलोनीची, तीन भाग डूकूचे नि तीन अहसोका या जेडाय मुलीचे, एकेक भाग साधारण पंधरा मिनिटांचा, एका रविवारी दुपारी उरकेल. फक्त लागते त्या क्रमाने बघू नका. पहिला अहसोका बाळ असतानाचा, मग डूकूचे तीन, मग परत अहसोकाचे दोन असं आहे. तुम्ही २, ३, ४ सलग लावा, लेकीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे आणि त्याला सिनेमे सोडून काही लागत नाही.
दुसरा तर माझा फेवरेट. गावकऱ्यांनी सिनेटरचा पोरगा पळवलेला असतो, डूकू आणि त्याचा शिष्य क्वाय-गॉन त्याला सोडवायला जातात आणि बघतात तर गाव उपाशी, सिनेटरने लोकांना वाऱ्यावर सोडलेलं. मग तो सिनेटर शिपाई घेऊन येतो, डूकूचं टाळकं सरकतं आणि तो लांबूनच त्याचा गळा आवळायला लागतो. क्वाय-गॉन गुरूशी वाद घालत बसत नाही, गुपचूप जाऊन पोराला सोडवून बापासमोर आणतो. मला तिथे डूकूचंच पटत होतं, लेकीलाही पटेल बहुतेक, मग काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा :)

तिसरीघंटा:
+१. त्यात तरुण क्वाय-गॉनचा आवाज लियाम नीसनच्या मुलाचा आहे, मिहॉल रिचर्डसनचा, आणि चौथ्या भागात खुद्द नीसनचा. हे माहीत असलं की ऐकायला मजा येते.

उशिराउठणारा:
झेपेल का त्याबद्दल. रक्तबिक्त दाखवत नाहीत पण चौथा भाग जड आहे, आधी एकट्या बघा. त्यात यॅडल आहे, योडाच्या (त्या छोट्या हिरव्या गुरूच्या) जातीची, सिनेमात जेडायच्या कौन्सिलमध्ये नुसती बसलेली दिसते ती. इथे ती डूकूचा पाठलाग करत जाते, अजून परत ये म्हणते, आणि तो तिच्या अंगावर अख्खा लोखंडी दरवाजा पाडतो. आपल्याला वाटतं संपली बिचारी, आणि तो दरवाजा हळूहळू वर उचलला जायला लागतो. माझा भाचा तिथे सोफ्यावर उभा राहिला होता. पुढे काय होतं ते

तिसरीघंटा:
अहो थांबा, स्पॉयलर लिहा की वर आधी!!

उशिराउठणारा:
सॉरी सॉरी. पण दरवाजाचं तर सांगून झालं आता.

कंदीलवाला:
मी थोडा उलटा बोलतो. डूकूचं ठीक आहे, पण अहसोकाचे भाग क्लोन वॉर्स न बघता लावले तर पाण्यात जातील. पाचवा भाग घ्या, तिचा गुरू ॲनाकिन तिला मधे उभी करतो आणि क्लोन सैनिकांना चारी बाजूंनी स्टन गोळ्या झाडायला लावतो, ती पडते, शुद्धीवर आली की परत उभी, परत पडते. नवख्याला वाटणार काय मास्तर आहे हा. पण हेच क्लोन पुढे ऑर्डर ६६ (सगळ्या जेडायना मारायचा हुकूम) आल्यावर खरोखर तिच्यावर उलटतात, ते ज्याने बघितलंय त्याच्या पोटात तिथे गोळा येतो. सात सीझन जमत नसतील तर निदान पाचव्याचे शेवटचे चार आणि सातव्याचे शेवटचे चार भाग बघा, आठच होतात.
आणि सहाव्या भागावर माझा राग आहे. ऑर्डर ६६ नंतर अहसोका शेतावर लपून राहते वगैरे, २०१६ च्या तिच्या कादंबरीत साधारण हेच सविस्तर आहे आणि यांनी तपशील बदलून पंधरा मिनिटांत गुंडाळलं. पुस्तक वाचणाऱ्याने काय करायचं मग?

मीठभाकर:
शॉर्टकट बरोबर आहे पण मूळ प्रश्न डूकूचा होता हो भाऊ.

लॅपटॉपवाली:
सगळ्यांचे आभार! २, ३, ४ बघून झाले. चौथा आधी एकटीने बघितला आणि मग तिला शेजारी घेऊन बसले, दरवाजाच्या वेळी तिने माझा हात घट्ट धरला होता. पण खरी गंमत सुरुवातीलाच झाली. डूकू जेडायच्या संग्रहातून कामिनो ग्रहाची माहिती पुसतो ना, तिथे ही ताडकन उठली, "म्हणजे ओबी-वानला सापडत नव्हतं ते यानेच डिलीट केलं!" सिनेमात त्या ग्रंथपाल बाई ठसक्यात सांगतात ना की आमच्याकडे नोंद नाही म्हणजे असा ग्रहच नाही, त्यांच्यावर ती तेव्हापासून चिडून होती, आता सगळा राग डूकूवर गेलाय.
तिसरा भाग मात्र तिला बोअर झाला. मला आवडला, डूकूबरोबरचा जेडाय मेस विंडू नियमाला धरून राहतो आणि कौन्सिलची खुर्ची त्याला मिळते, डूकूचा चेहरा बघा तेव्हाचा. ऑफिसात हे रोज बघते मी.
आता त्याच्याच पुढची टेल्स ऑफ द एम्पायर दिसतेय, ती लावू का?

कंदीलवाला:
त्यात अर्धे भाग अहसोकाची मैत्रीण बॅरिस ऑफी हिचे आहेत आणि तिने काय केलं ते क्लोन वॉर्सच्या पाचव्या सीझनच्या त्याच शेवटच्या चार भागांत आहे. म्हणून म्हणत होतो.

लॅपटॉपवाली:
बरं बाबा, लावते ते चार.