अकरावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कायद्याने काय मागता येईल?

नमस्कार मंडळी,

मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र 70 टक्क्यांचं, यूडीआयडी कार्डही (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) आहे. पायांच्या ऑपरेशनांत दोन वर्षं गेल्यामुळे दहावी सतराव्या वर्षी झाली. बोर्डाने लेखनिक आणि जादा वेळ बिनतक्रार दिला. खरी अडचण आता सुरू झालीय.

अकरावी सायन्सला एका अनुदानित कॉलेजात नंबर लागला. कागदपत्रं घेऊन गेलो तर प्राचार्य म्हणाले, "आम्ही नाही म्हणत नाही, पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लॅबही तिथेच. तुम्हीच विचार करा." सगळं तोंडी! शिपाईकाका भले माणूस, म्हणाले, "रोज उचलून नेऊ की." पोरगा 54 किलोचा आहे, आणि सगळ्या वर्गासमोर उचलून नेलेलं त्याला कसं चालेल? घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जुनी बाकं रचून ठेवलेली मी स्वतः पाहिली. लिफ्ट कुणी मागतच नाहीये, वर्ग खाली आणा एवढंच.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 चाळला. कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरण्याजोगी करायची आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची. हे मला कळलं. अडतंय ते कलम 31 पाशी. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, पण तिथे शब्द 'शाळा' असा आहे. ज्युनिअर कॉलेज त्यात धरतात का? शिवाय डिसेंबरात त्याला अठरा पूर्ण होतील, मग बारावीची फी भरायची का? कलम 32 मधलं 5 टक्के आरक्षण उच्च शिक्षणासाठी, म्हणजे बारावीनंतरच. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) तर चौदाव्या वर्षीच संपतं. मधली दोन वर्षं कुणाची?

सोमवारी लेखी अर्ज देऊन पोच घेणार आहे. कॉलेजने दाद दिली नाही तर आधी शिक्षण उपसंचालकांकडे जावं की थेट पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे? कुणी हे केलं असेल तर किती दिवस लागले तेही सांगा. प्रवेश निश्चित करायची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे.

(स्पेशल स्कूलचे सल्ले कृपया नकोत. गणितात 91 आहेत त्याला.)