मदत हवी आहे : भाषणात शब्द अडला तर काय करता?

मी ५७ वर्षांची. वीस वर्षं गावोगाव क्षयरोगावर बोलले. ‘सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडू नका’ हे झोपेतही सांगेन. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. हा ६५ च्या आतही गाठतो, हेच लोकांना पटत नाही. म्हणून २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, दहा मिनिटं बोलायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, कशाला दगदग!

रविवारी जावेसमोर सराव केला. ‘डोनेपेझिल’ हे माझ्या अल्झायमरच्या गोळीचं नाव काही केल्या आठवेना, शेवटी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून वाचलं. कागद हातात असला की ओळ हरवते. मोठ्या अक्षरांत एकेका कार्डावर एकच मुद्दा लिहू का? की शेजारी कुणी प्रश्न विचारणारं बसवू? वेळ सकाळचीच मागितलीय, संध्याकाळी फार गोंधळ उडतो. कुणी केलंय का असं?