मदत हवी आहे: जुन्या बसची गुंडाळीची पाटी बदलायची आहे (कोल्हापूर)

रंकाळाकाठ: जुन्या बसची कॅम्पर (राहण्या-फिरण्याची गाडी) केली आहे, गाडी कोल्हापुरातच असते. कपाळावरची पाटीची पेटी मूळची आहे, हँडल फिरवलं की कापडावरचं पुढच्या गावाचं नाव काचेत येतं. काच १२०० × २३० मिमी, आत वर-खाली दोन ३२ मिमीचे रोलर, फिरवायला हँडल. मूळ कापड विरलं म्हणून बॅकलिट फ्लेक्स (मागून उजेड देतात ते बॅनरचं प्लास्टिक कापड) लावलं. आता चार-पाच नावं फिरवली की पट्टी उजवीकडे सरकते आणि कड चुरगळते. एलईडीचे ठिपके अक्षरांमागे दिसतात, आणि दोन महिन्यांत निम्मे एलईडी गेले. 'नृसिंहवाडी'चा ऋकार काचेच्या कडेखाली लपतो. वायरिंग २४ व्होल्ट. नावं आठ हवीत. कापड कोणतं घ्यावं, अक्षरं किती उंच? की सरळ डिजिटल बोर्ड लावू?

उद्यमनगरवाला: डिजिटल नको. स्वस्त बोर्डात उंचीला १६ ठिपके असतात. त्यात 'पन्हाळा'चा न्हा आणि 'ज्योतिबा'चा ज्यो धड उमटत नाही. पेटी मूळची आहे तर तीच जपा.

फ्लेक्स जाड असतं, गुंडाळून ठेवलं की वळण धरतं, उन्हात वेढे एकमेकांना चिकटतात. सुती केंब्रिक (घट्ट विणीचं पातळ कापड) घ्या, इचलकरंजीच्या बाजूला ५२ इंची पन्हा मिळेल. आधी धुऊन आटवा. ताणा (कापडाचे उभे धागे) लांबीच्या दिशेनेच ठेवा, नाहीतर कापड वाढत जातं. रुंदी १२६० मिमी. लांबी: प्रत्येक नावाला ३०० म्हणजे २४०० मिमी, वर दोन्ही टोकांना प्रत्येकी ५०० कोरं. शेवटचं नाव आलं तरी रोलरवर दोन-तीन वेढे राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळा ताण चिकटवलेल्या जागी येतो. छपाईसह जाडी पाव मिमी धरली तर पूर्ण गुंडाळी ४६ मिमीची होते, तेवढी जागा पेटीत आहे का बघा.

कडा दुमडून शिवू नका, ही चूक हमखास होते. अठ्ठावीस-एक वेढे पडतात, दुमडलेल्या कडेला दुप्पट जाडी साठत जाते आणि मधलं कापड सैल पडतं. कडेला फॅब्रिकच्या गोंदाचा पातळ हात पुरे.

सरकण्याचं मूळ बहुधा रोलरमध्ये आहे. दोन्ही टोकांना रोलरांमधलं अंतर मोजा. फरक १ मिमीपेक्षा जास्त असेल तर ब्रॅकेटखाली वॉशर घाला. मग कापडावर मधोमध रेघ मारून तिच्याशी काटकोनात टोकं कापा. तरीही उजवीकडे गेलं तर कापड सोडवून रोलरच्या डाव्या टोकाला मास्किंग टेपचा एक वेढा द्या. कापड जाड टोकाकडे ओढलं जातं.

दिवाबत्ती: एलईडी जातात त्याचं कारण चार्जिंग. २४ व्होल्टच्या पट्टीत बहुतेक वेळा सात एलईडी एका ओळीत असतात, ते मिळून २१ व्होल्ट घेतात, रेझिस्टरवर (करंट रोखणाऱ्या भागावर) ३ उरतात. इंजिन चालू असताना २८ येतात, मग रेझिस्टरवर ७ पडतात आणि करंट दुपटीच्या आसपास जातो. २४ वरून १२ करणारा बक कन्व्हर्टर लावा आणि १२ व्होल्टची पट्टी घ्या, मीटरला ४.८ वॉटची. १२०० मिमीच्या तीन ओळी, ७० मिमी अंतराने, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. एकूण १७ वॉट, २४ च्या बाजूला पाऊण अँपिअर. २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ.

ठिपके घालवायला ३ मिमी दुधी ॲक्रिलिक, एलईडीपासून ६० मिमीवर. कापडाला टेकू देऊ नका, १० मिमी सोडा. उजेड पांढराच ठेवा, पुढून लाल दिसणारा दिवा नियमात बसत नाही.

शिरोरेषा: अक्षरांचं माप 'कोल्हापूर' लिहून ठरवा, त्यात वरची मात्राही आहे आणि खालचा ऊकारही. २३० च्या काचेत वर-खाली १५ सोडले की २०० उरतात. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत ११०, वरच्या वेलांटी-मात्रेला ४५, खाली ४५. आठही नावांची शिरोरेषा त्याच उंचीवर हवी. रेघेची जाडी १८ मिमी. 'नृसिंहवाडी'नंतरही रुंदीत जागा राहील, तिथे बारीक 'मार्गे शिरोळ' टाका, पाटी एसटीसारखी भरीव दिसेल.

ऑइल पेंट वापरू नका, गुंडाळल्यावर तडकतो. पिगमेंट शाईने स्क्रीन छपाई करून घ्या. काळ्या जमिनीला (अक्षरांभोवतीच्या काळ्या भागाला) दोन हात द्या आणि दुसऱ्या हाताआधी कापड दिव्यासमोर धरून सुईच्या टोकाएवढी भोकं शोधा. रात्री तीच आधी डोळ्यात भरतात.

रंकाळाकाठ: ब्रॅकेट मोजलं, ३ मिमीचा फरक निघाला. आणखी एक: हँडल सोडलं की कापड सैल पडून मध्ये पोट येतं.

उद्यमनगरवाला: सुटणाऱ्या रोलरला ब्रेक नाही म्हणून. दोन्ही रोलरांच्या शाफ्टवर नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) वॉशर, मागे स्प्रिंग आणि नट. हँडल सोडल्यावर रोलर जागचा हलणार नाही एवढंच आवळा, जास्त आवळलं तर कापड ताणून अक्षरं लांबतात. उद्यमनगरात लेथवाल्याकडून नायलॉनचे बुशही (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) करून घ्या. पत्र्यात फिरणारा शाफ्ट भोक लांबट करतो, मग पुन्हा तिरपं. पेटीच्या तळाला ६ मिमीची दोन भोकं ठेवा. पावसात काचेच्या रबरातून पाणी झिरपतंच, आणि ओल्या केंब्रिकवर आठवड्यात बुरशी धरते.