पोप दुसरा गेलासियस याचे एक वर्ष : पराभव की प्रतिकार?

मूळ लेख

दुसरा गेलासियस २४ जानेवारी १११८ रोजी पोप म्हणून निवडला गेला आणि २९ जानेवारी १११९ रोजी बर्गंडीतील क्लुनीच्या मठात वारला. या वर्षभरात रोममध्ये त्याला फार थोडे दिवस राहता आले. बाकीचा काळ गाएता, कापुआ, पिसा, जेनोआ, मार्सेय असा भटकण्यात गेला. त्यामुळे त्याच्याआधीचा दुसरा पास्कल आणि त्याच्यानंतरचा दुसरा कॅलिक्स्टस यांच्यामध्ये त्याची दोन ओळींत बोळवण होते, आणि त्या दोन ओळींतही ‘दुर्दैवी’ हे विशेषण हमखास असते. मला हा अन्याय वाटतो. ११२२ मध्ये वर्म्स येथे सम्राट आणि पोप यांच्यात जो करार झाला त्याची वाट गेलासियसने मोकळी केली, आणि ती सम्राटाच्या हाती न लागण्याच्या त्याच्या निर्धारामुळे मोकळी झाली, असे माझे मत आहे.

भांडणाचे मूळ असे की बिशपाला पदाची खूण म्हणून अंगठी आणि दंड कोणी द्यायचा, राजाने की धर्मसंस्थेने, याचा निकाल लागत नव्हता. जर्मनीतले बिशप मोठमोठ्या जमिनींचे, जकातींचे आणि टांकसाळींचे धनी असल्याने कोणताही राजा त्यांच्या नेमणुका हातच्या सोडायला तयार नव्हता. फेब्रुवारी ११११ मध्ये सम्राट म्हणून राज्याभिषेक करून घेण्यासाठी रोमला आलेल्या जर्मन राजा पाचव्या हेन्रीने सेंट पीटर्समध्येच पास्कलला कार्डिनलांसह कैद केले, सुमारे दोन महिने डांबून ठेवले आणि अंगठी व दंड देण्याचा अधिकार त्याच्याकडून लिहून घेतला. पुढच्याच वर्षी रोममधील लॅटरनच्या परिषदेने ती सनद रद्द ठरवली; पण पोप ताब्यात असला की हवी ती सनद मिळवता येते, हे सर्वांना कळून चुकले. त्या कैदेत पास्कलबरोबर त्याचा चान्सलर, म्हणजे दप्तराचा प्रमुख, गाएताचा जॉन हाही होता. हाच जॉन पुढे गेलासियस झाला.

त्याच्या निवडीचा दिवस पांडुल्फ या समकालीन चरित्रकाराने तपशिलाने लिहून ठेवला आहे. पॅलाटाइन टेकडीवरच्या मठात कार्डिनल जमलेले असताना चेन्चियो फ्रांजिपाने हा सम्राटाच्या बाजूचा सरदार हत्यारबंद माणसांसह दरवाजे फोडून आत शिरला. त्याने वृद्ध पोपचा गळा धरला, त्याला बुक्क्या आणि लाथा मारल्या, टाचेच्या काट्यांनी रक्तबंबाळ केले आणि केसांना धरून फरफटत आपल्या वाड्यात नेऊन साखळदंडांत जखडले. शहराचा प्रमुख, पिएर्लेओनी घराणे आणि टायबरपलीकडचे लोक चालून आल्यावर चेन्चियोने त्याला सोडले.

मार्चच्या सुरुवातीला खुद्द हेन्री रोमला पोहोचला. तेव्हा गेलासियस टायबरमधून दोन गलबतांत निसटला. समोर समुद्र खवळलेला, काठावरून जर्मन सैनिकांचे बाण येत होते, आणि रात्र पडली म्हणूनच तो वाचला. अंधारात ह्यूगो नावाच्या कार्डिनलाने त्याला खांद्यावर घेऊन आर्देआच्या गढीत पोहोचवले. १० मार्चला गाएता येथे त्याचा पोप म्हणून अभिषेक झाला. तोवर तो केवळ डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा, होता, त्यामुळे आधी त्याला धर्मगुरूची दीक्षा द्यावी लागली. त्याच्या दोन दिवस आधी हेन्रीने रोममध्ये ब्रागाचा आर्चबिशप मॉरिस बुर्दां याला ‘आठवा ग्रेगरी’ म्हणून प्रतिपोप, म्हणजे प्रतिस्पर्धी पोप, केले होते. एप्रिलमध्ये गेलासियसने कापुआ येथून दोघांनाही बहिष्कृत केले.

मार्चच्या त्या रात्री तो पकडला गेला असता तर ११११ चीच पुनरावृत्ती झाली असती. तो निसटल्यामुळे हेन्रीच्या हाती स्वतःच बसवलेला पोप उरला, आणि त्याच्याकडून मिळवलेल्या सनदेला बुर्दांला न मानणाऱ्या राज्यांत काहीच किंमत येणार नव्हती. जबरदस्तीचा मार्ग बंद झाला म्हणूनच सम्राटाला चार वर्षांनी वाटाघाटींना बसावे लागले.

प्रतिसाद १

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. घटना आधी घडली म्हणून ती कारण ठरत नाही. पोपने पळून जाणे पुरेसे असते तर हा वाद १०८५ मध्येच मिटायला हवा होता, कारण पोप सातवा ग्रेगरी त्या वर्षी सालेर्नो येथे परागंदा अवस्थेतच वारला आणि तोही पाचव्या हेन्रीचा बाप चौथा हेन्री याच्यासमोर झुकला नव्हता. त्यानंतरही करार व्हायला सदतीस वर्षे लागली.

दुसरे असे की गेलासियस मुळात इतका ताठर होता का, याचीच मला शंका आहे. १११६ च्या लॅटरन परिषदेत कडवी मंडळी ११११ च्या सनदेवरून पास्कलवर तुटून पडली, तेव्हा त्याची बाजू घेणाऱ्यांत हाच चान्सलर होता. पोप झाल्यावरही, ऑक्टोबरमध्ये मिलान किंवा क्रेमोना येथे परिषद घेऊन वाद मिटवू, असे त्याने हेन्रीला कळवले होते. ही तडजोडीला तयार असलेल्या माणसाची भाषा आहे, आणि मी ती त्याच्या गुणांतच धरतो. पण तिला निर्धार म्हणता येणार नाही. सम्राटाला वाटाघाटींना बसवले ते जर्मन सरदारांनी. ११२१ च्या शरद ऋतूत व्युर्झबुर्ग येथे जमून त्यांनी हेन्रीला पोपशी समेट करायला भाग पाडले. ते सरदार घरच्या यादवीला कंटाळले होते, आणि टायबरकाठच्या त्या रात्रीचा त्यांच्या निर्णयाशी काहीही संबंध नव्हता.

धागाकर्ता

सातव्या ग्रेगरीचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. ग्रेगरीला अखेरच्या काळात अनेक कार्डिनल सोडून गेले आणि चौथ्या हेन्रीच्या प्रतिपोपाभोवती जमले. १११८ मध्ये कार्डिनलांचा मोठा गट गेलासियसबरोबर राहिला आणि बुर्दांभोवती तसे कोणी जमले नाही. गेलासियस क्लुनीला वारल्यावर चौथ्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, तेथे असलेल्या मोजक्या कार्डिनलांनी पुढचा पोप निवडला आणि रोममध्ये राहिलेल्यांनी त्या निवडीला मान्यता दिली. रोम आणि सेंट पीटर्स सम्राटपक्षाच्या हाती असतानाही पोपची गादी खंडित झाली नाही. हे त्या एका वर्षाने सिद्ध केले.

जर्मन सरदारांचे श्रेय मी नाकारत नाही. पण पोपकडून जबरीने सनद मिळवणे शक्य असते, तर हेन्रीने सरदारांचे म्हणणे ऐकून घेतले असते का?

प्रतिसाद २

आपण दोघेही सम्राटाकडेच पाहत आहात. पण गेलासियसला फ्रान्सला जायला लावले ते रोमच्या घराण्यांनी. उन्हाळ्यात हेन्री रोममधून निघून गेला होता आणि गेलासियस परतला होता. २१ जुलैला, संत प्रासेदे हिच्या सणाच्या दिवशी, तिच्याच चर्चमध्ये तो मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, करत असताना फ्रांजिपानेंची माणसे दगड आणि बाण घेऊन चालून आली. पोपचा पुतण्या आणि त्याचे समर्थक त्यांच्याशी झुंजत राहिले, आणि तोवर पोप अंगावर अर्धवट मिस्सेची वस्त्रे असताना घोड्यावर बसून निसटला. नंतर तो सेंट पॉल चर्चजवळच्या शेतात थकून विव्हळत बसलेला सापडला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या लोकांना हे शहर सोडण्याचा निर्णय सांगितला, तेव्हा, शक्य असते तर इतक्या साऱ्या सम्राटांपेक्षा आपण एकच सम्राट पत्करला असता, असे तो म्हणाल्याचे पांडुल्फ नोंदवतो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, कारण रोममध्ये दर टेकडीवर, दर पडक्या प्राचीन वास्तूत एकेका घराण्याची गढी होती आणि फ्रांजिपाने तर कोलोसियमच्या परिसरात ठाण मांडून बसले होते.

हा रोग गेलासियसबरोबर संपला नाही. ११२४ मध्ये याच घराण्याने दंडेलीने दुसऱ्या होनोरियसला पोप केले आणि ११३० मध्ये पिएर्लेओनी घराण्यातला माणूस एका गटाचा पोप, तर फ्रांजिपानेंच्या पाठिंब्याचा दुसऱ्या गटाचा, अशी फूट पडली. म्हणून १११८ ची कथा सम्राट आणि पोप यांच्या झुंजीपेक्षा रोमच्या गल्लीबोळांतल्या वैराची जास्त आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद ३

गेलासियसला या एका वर्षावरून मोजणेच मला गैर वाटते. मोन्ते कास्सिनोच्या मठात शिकलेला हा माणूस दुसऱ्या अर्बनच्या काळापासून जवळजवळ तीस वर्षे पोपचे दप्तर सांभाळत होता. पत्रांतील लॅटिन वाक्यांचा शेवट ठरावीक लयीत करण्याची शिस्त त्याने त्या दप्तराला लावली, आणि ती शतकानुशतके टिकली. परागंदा असतानाही त्याचा कारभार चालूच होता. २६ सप्टेंबरला त्याने पिसाचे कॅथेड्रल अर्पण केले, सेंट-जिल येथे नॉर्बर्ट या फिरत्या प्रवचनकाराला सर्वत्र प्रवचने करण्याची परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये स्पेनमधील मुस्लिमांच्या ताब्यातल्या सारागोसाला वेढा घालून बसलेल्या ख्रिस्ती सैन्याला पापक्षमेचे पत्र पाठवले.

प्रतिसाद १

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतिसादांमुळे माझे मत अधिकच पक्के झाले आहे. गेलासियस विद्वान आणि कर्तव्यनिष्ठ होता, त्याने हाल सोसले, हे सारे मान्य. पण रोममध्ये पाय रोवायला जे लागते ते त्याच्याकडे नव्हते. त्याच्यानंतर आलेला कॅलिक्स्टस हा बर्गंडीच्या काउंटांच्या घराण्यातला, राजेरजवाड्यांशी नातेसंबंध असलेला माणूस होता, आणि आजच्या फ्रान्समधील व्हिएनचा आर्चबिशप असताना १११२ मध्ये त्यानेच हेन्रीला बहिष्कृत केले होते. तो जून ११२० मध्ये रोमला पोहोचला, पुढच्या वर्षी सैन्य पाठवून सुत्री येथे बुर्दांला पकडले आणि उंटावर उलटे बसवून त्याची रोममधून धिंड काढली. फ्रांजिपानेंचे बुरूजही त्यानेच पाडले. ही वागणूक मला मुळीच शोभनीय वाटत नाही, पण पुढे कोणाशी बोलणी करायची हे हेन्रीला त्यानंतरच स्पष्ट झाले.

धागाकर्ता

बुर्दांच्या धिंडीबद्दल मलाही तसेच वाटते. मात्र कॅलिक्स्टस क्लुनीला कसा निवडला गेला, तेही पाहावे. मरणासन्न गेलासियसच्या मनात पालेस्त्रिनाचा बिशप कूनो याला पुढे करायचे होते. कूनोने नकार देऊन व्हिएनच्या आर्चबिशपाचे नाव सुचवले, आणि गेलासियसने ते मानले. ज्या माणसाने सात वर्षांपूर्वी हेन्रीला बहिष्कृत केले होते, त्यालाच आपल्या जागी बसवण्यास त्याने अखेरच्या दिवसांत संमती दिली. १११६ मध्ये पास्कलची पाठराखण करणारा हा चान्सलर गाएता आणि कापुआ येथून पुढे किती बदलला होता, हे मला त्या संमतीत दिसते. आणि त्याला केवळ तडजोडीचा माणूस म्हणणाऱ्यांनी तिचा अर्थ लावून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.